कास्तासेन्यात माणसं मोजताना

पहिला दिवस, मंगळवार

झुरिकला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. सरोवरं झाली, शिखरं झाली, चॉकलेटं झाली. मग एका रात्री जेवताना मी म्हटलं, “आता मला तुमचा देश जिथं संपतो असं एखादं लहानसं गाव दाखव.” लेक हसली. तिला माझा नाद माहीत आहे. आमचं घर बांद्याजवळ, गोव्याच्या वेशीवर. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून वाड्यावाड्या तुडवल्या. तेव्हापासून कुठल्याही नव्या गावात पाऊल टाकलं की माझ्या तोंडून आधी दोनच प्रश्न निघतात: पाणी कुठून येतं आणि माणसं किती?

तिनं दोन दिवस नकाशे चाळले आणि कास्तासेन्या काढलं. स्वित्झर्लंडच्या आग्नेयेला ग्राउब्युंडन नावाचं राज्य आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या ब्रेगाल्या खोऱ्यातलं हे शेवटचं गाव. भाषा इटालियन, चलन फ्रँक, वस्ती दोनशेच्या आसपास.

सकाळी झुरिकहून कूर, तिथून लाल डब्यांच्या छोट्या रेल्वेनं सेंट मॉरिट्झ. या मार्गावर लोक खिडकीला नाक लावून बसतात. हेही बसले, फोटोही काढले, पण त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी काही भर घालत नाही. माझं लक्ष पुढच्या पिवळ्या पोस्ट बसकडे होतं.

सेंट मॉरिट्झपासून मलोयापर्यंत रस्ता जवळजवळ सपाट, डाव्या हाताला एकामागून एक तळी. दुतर्फा लार्चची झाडं, ऑक्टोबर असल्यानं पिवळीधमक. सूचिपर्णी असून पानं गाळणारं हे झाड मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पाहिलं मात्र आत्ता. मलोयाची खिंड १,८१५ मीटरवर, पण चढ म्हणून जाणवतच नाही. बस एका वळणावर येते आणि पुढची जमीनच गायब होते. थेट खाली दरी, आणि रस्ता दोरीच्या वेटोळ्यासारखा एकावर एक पडलेला.

“अगं, ही तर आंबोलीच!” हे म्हणाले. अगदी खरं. आजऱ्याकडून येताना सपाटीवरून येतो आणि एकदम घाट कोसळतो, तसंच. यामागचं कारणही मजेदार आहे. ब्रेगाल्यातली माइरा नदी उताराची, त्यामुळे झीज करणारी. ती मागे मागे कोरत गेली आणि पलीकडच्या इन नदीचे वरचे ओढे तिनं आपल्याकडे वळवून घेतले. भूगोलाच्या पुस्तकात याला नदीचौर्य म्हणतात. फळ्यावर मी हे दोन रेघांत काढायचे. इथं चोरीची जागाच डोळ्यांसमोर होती. लुटली गेलेली इन डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जाते आणि चोर माइरा इटलीत उतरून, कोमो सरोवरातून पो नदीकडे, एड्रियाटिक समुद्राला. जवळच्या लुंगीन खिंडीत तिसरीही वाट फुटते. तिथलं पाणी ऱ्हाईनमधून उत्तर समुद्राला जातं. एका डोंगरावरचा पाऊस तीन समुद्रांना वाटला जातो.

मग उतार. कासाच्या, विकोसोप्रानो, स्टाम्पा. शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्ती इथलाच, शेजारच्या बोर्गोनोव्होत १९०१ साली जन्मला. बसमधून खोऱ्याच्या अरुंदपणाकडे पाहिलं की त्याचे ते बारीक, उंच पुतळे आठवतात, पण हा माझा भोळा तर्क. प्रोमोंतोन्योजवळ ला पोर्ता नावाचा खडकाचा आडवा बांध आहे. पोर्ता म्हणजे दार. दाराच्या वरचं खोरं वेगळं, खालचं वेगळं. खालच्या बाजूला आलो तशी देवदारांची जात मागे पडली आणि रुंद पानांची झाडं सुरू झाली. मग एका अंगणात अंजीर, पुढे द्राक्षाचा मांडव. पाऊण तासात आम्ही अकराशे मीटर उतरलो होतो आणि हवा कानाला लागायची थांबली होती. कास्तासेन्या ६९६ मीटरवर. म्हणजे उंचीनंही आंबोलीच.

रात्री फटफजिती झाली. यांनी खोलीत बसून नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावले. फोननं हळूच पलीकडच्या इटालियन टॉवरचा हात धरला, आणि आमचं स्विस कार्ड फक्त स्वित्झर्लंडपुरतं. अर्ध्या तासात भरलेले सगळे पैसे साफ. “खोली कुठल्या देशात आहे?” हे लेकीला विचारत होते. खोली स्वित्झर्लंडमध्येच होती, लहरींना ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस, बुधवार

गाव म्हणजे एक गल्ली. दोन्हीकडे दगडी, उंच, एकमेकांना खेटून घरं, खिडक्या लहान, भिंती हातभर जाड. मी एका टोकाहून निघाले आणि रमतगमत दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोचले. तिथं जकातनाका, त्यापुढे ओढा, त्यापुढे इटली. स्वित्झर्लंड २००८ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या खुल्या सीमांच्या करारात आहे, त्यामुळे माणसांना सहसा कुणी अडवत नाही. पण युरोपीय संघात तो नाही, म्हणून मालाला अडवतात. माणूस मोकळा आणि मटण बांधलेलं: माणशी एक किलोच्या वर आणलं तर जकात. १ जानेवारी २०२५ पासून तर करमुक्त खरेदीची मर्यादाही ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. पलीकडे भाजीपाला, वाण्याचं सामान सगळंच स्वस्त, मग लोक जाणारच. आमच्याकडे गोव्यात जाऊन गाडीची टाकी भरून येतात, त्याचीच ही थोरली बहीण.

नाक्याकडून परतताना मला खरा धक्का बसला तो लोकसंख्येचा. लेकीच्या लॅपटॉपवर सरकारी तक्ते उघडले, कास्तासेन्या शोधलं, सापडेना. कारण १ जानेवारी २०१० रोजी बोंदो, कास्तासेन्या, सोल्यो, स्टाम्पा आणि विकोसोप्रानो ही पाच गावं मिळून ब्रेगाल्या नावाची एकच पंचायत झाली. तक्त्यात आता फक्त ब्रेगाल्या: २५१ चौरस किलोमीटर, माणसं दीड हजाराच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरला सहा. २०११ च्या गणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती.

आणखी एक गंमत. या देशात १८५० पासून २००० पर्यंत साधारण दर दहा वर्षांनी घरोघर जनगणना झाली, आपल्यासारखीच. ती २०१० पासून बंद. आता पंचायतीच्या नोंदवह्यांवरूनच दरवर्षी आकडे निघतात. नवीन माणूस राहायला आला की चौदा दिवसांत कचेरीत नाव लावायचं, गेला की कमी करायचं. प्रगणक नावाचा प्राणीच उरला नाही. मला उगाच वाईट वाटलं. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री आम्ही बेघरांची गणती करायला टॉर्च घेऊन बांद्याच्या एसटी स्टँडवर फिरलो होतो. एका म्हाताऱ्यानं “माका कित्याक मोजतास?” म्हणून विचारलं होतं, ते अजून आठवतं. नोंदवहीला असं कुणी विचारत नाही.

गल्लीच्या वरच्या अंगाला व्हिला गार्बाल्ड आहे. आगोस्तिनो गार्बाल्ड हा इथला जकात अधिकारी. त्यानं १८६० च्या दशकात घर बांधायला सांगितलं ते थेट गॉटफ्रीड झेम्परला, ज्यानं ड्रेस्डेनचं ऑपेरागृह आणि झुरिकच्या तंत्रविद्यापीठाची इमारत उभी केली. दोनशे माणसांच्या गावातल्या नाकेदाराचं घर! घर साधंच, पण नेटकं. छपराची ठेवण इटालियन खेडवळ आणि बागेत वेलींचा मांडव. बायको योहाना मलोयापलीकडच्या एंगाडीन खोऱ्यातली. ती इटालियन गावात राहून सिल्व्हिया आंद्रेया या टोपणनावानं जर्मनमध्ये कथा-कादंबऱ्या लिहायची. मुलगा आंद्रेया छायाचित्रकार झाला, जाकोमेत्ती कुटुंबाचे जुने फोटो त्यानं काढलेले. बागेच्या कडेला २००४ मध्ये एक नवा, काँक्रीटचा उंच बुरूज बांधलाय. त्याला रोक्कोलो म्हणतात, म्हणजे इटलीत पाखरं धरायला बांधायचे तसा मनोरा. हे म्हणाले, “अर्धवट राहिलेलं बांधकाम वाटतं.” मला आवडला.

नाकेदाराचं एवढं वजन का, हे इथला इतिहास पाहिला की कळतं. ही सीमा फार जुनी नाही. शेजारचं कियावेन्ना १५१२ पासून १७९७ पर्यंत ग्राउब्युंडनच्या ताब्यात होतं, तेव्हा हा ओढा म्हणजे घरातलाच उंबरठा. नेपोलियननं ते तोडून इटलीकडच्या नव्या प्रजासत्ताकाला जोडलं, १८०३ मध्ये ग्राउब्युंडन स्विस राज्य झालं आणि ओढ्यावर आंतरराष्ट्रीय सीमा येऊन बसली. आमच्या पत्रादेवीला नेमकं उलटं घडलं. तिथं १९ डिसेंबर १९६१ पर्यंत खरीखुरी परदेशाची हद्द होती, पोर्तुगालची. माझ्या सासूबाई सांगायच्या, रात्री डोंगरातून परदेशी साबण, कापड, घड्याळं यायची आणि सकाळी सगळं गाव काहीच न घडल्यासारखं दात घासत बसायचं. इथंही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतरची काही दशकं कॉफी आणि सिगारेटी पाठीवर बांधून माणसं डोंगरवाटांनी इटलीत उतरवायची. त्यांना स्पाल्लोनी म्हणत, खांदेकरी म्हणा. पावलांचा आवाज नको म्हणून बुटांवर गोणपाट गुंडाळायचे. सासूबाई असत्या तर त्यांचं आणि या लोकांचं झकास जमलं असतं.

दुपार ब्रेन्तानमध्ये गेली. गावाच्या डोक्यावरच हे चेस्टनटचं रान पसरलंय, युरोपातल्या मोठ्या चेस्टनट-बागांमधलं एक. रान म्हणते, पण नीट पाहिलं की कळतं ही राखलेली बाग आहे. खाली गवत कापलेलं, झाडं अंतरावर, बुंधे चार माणसांच्या कवेत न येणारे. जमिनीवर काटेरी गोळे फुटून पडलेले, आत तपकिरी, तुकतुकीत फळं. उतारावर गहू पिकत नसे, तेव्हा हीच इथली भाकर. इटालियनमध्ये या झाडाला भाकरीचं झाडच म्हणतात.

मध्ये मध्ये दगडी खोपटी आहेत, त्यांना काशिना म्हणतात. एकाच्या दगडांच्या फटींतून धूर येत होता. दारात एक आजी लाकडाचा ओंडका सारत होत्या. लेकीनं तिच्या मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, त्यांनी आत या म्हणून खूण केली. आत डोळे चुरचुरले. खाली जमिनीवर विस्तव, पण ज्वाळा नाही. भडकला की त्या गेल्या वर्षीची टरफलं वर टाकून त्याला झोपवत होत्या. माथ्यावर फटी सोडून बसवलेल्या पट्ट्यांचा माळा आणि त्यावर हातभर जाडीचा चेस्टनटचा थर. पाच-सहा आठवडे हा धूर अखंड ठेवायचा, मध्ये थर उलटापालटा करायचा. मग वाळलेली फळं लांबट पोत्यात भरून ओंडक्यावर आपटायची की साल सुटते. मला आमच्या जुन्या घरातला चुलीवरचा माळा आठवला, पावसाळ्यात त्यावर ठेवलेली सोलं, नारळ, आणि सगळ्याला येणारा तो एकच वास. आजींनी चिरा देऊन निखाऱ्यात भाजलेल्या चार फळांनी आमचं आदरातिथ्य केलं. मी चावले आणि यांच्याकडे पाहिलं. दोघं एकदमच म्हणालो: आठळी! भाजलेल्या फणसाच्या आठळीचा हाच पिठूळपणा, किंचित गोड.

“पोरं?” मी विचारलं. आजींनी एक हात वर मलोयाच्या दिशेनं केला, दुसरा खाली इटलीच्या. एवढंच.

परतताना बागेच्या कडेला काही घरं दिसली, गावापेक्षा वेगळी, १९५० च्या दशकातली. अल्बेर्तोचा धाकटा भाऊ ब्रुनो जाकोमेत्तीनं ती झुरिकच्या वीज खात्याच्या कामगारांसाठी बांधली. खोऱ्याच्या वर आल्बिन्याचं धरण आहे, ११५ मीटर उंच, १९५९ मध्ये पुरं झालेलं. तिथलं पाणी टप्प्याटप्प्यानं जनित्रं फिरवत शेवटी कास्तासेन्याच्या वीजघरात येतं. म्हणजे लेकीच्या झुरिकच्या स्वयंपाकघरात पेटणारा दिवा कदाचित इथलाच. पाणी कुठून येतं हा प्रश्न सुटला, आता वीज कुठं जाते तेही कळलं. संध्याकाळी दुकानातून चेस्टनटच्या पिठाची एक किलोची पिशवी घेतली. महाग होती, हे दोनदा म्हणाले.

तिसरा दिवस, गुरुवार

हे बसनं आणि आम्ही मायलेकी पायी, अशी वाटणी करून सोल्योला गेलो. चेस्टनटमधून चारशे मीटरचा खडा चढ. माझ्या गुडघ्यांनी निषेध नोंदवला, पण वर पोचल्यावर राग गेला. सोल्यो उन्हाच्या ओट्यावर बसलेलं गाव आहे. थंडीत खोऱ्यातल्या तळच्या गावांना आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, वर मात्र असतं. चित्रकार सेगान्तीनीनं याला स्वर्गाचा उंबरठा म्हटलं होतं, आणि ते वाक्य आता पाटीपाटीवर आहे. नमस्कार वगैरे करत फिरणारे पर्यटकही बरेच.

समोर बादिले आणि चेंगालोचे सुळके. चेंगालोच्या अंगावर फिकट, ताजी जखम आहे. २३ ऑगस्ट २०१७ रोजी तिथून तीस लाख घनमीटरहून जास्त खडक सुटला. आठ गिर्यारोहक गेले, त्यांचे देह मिळालेच नाहीत. पाठोपाठ चिखलाचा लोंढा बोंदो गावात शिरला. सूचनायंत्रणा असल्यानं गावकरी वेळेत बाहेर पडले होते. आमच्याकडे जुलै २०१४ मध्ये माळीण झालं, तिथं सूचना द्यायला काहीच नव्हतं. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहून त्या जखमेकडे पाहत होतो, तेवढ्यात हे आले आणि विचारलं, “जेवायचं कुठं?” मग जेवलो.

चौथा दिवस, शुक्रवार

पहाटे साडेपाचला जाग आली ती गाड्यांच्या आवाजानं. खिडकी उघडली तर खालच्या रस्त्यावर दिव्यांची माळ, सगळी इटलीकडून वर चाललेली. हे फ्रोंतालिएरी, सीमेपलीकडून रोज कामाला येणारे: सेंट मॉरिट्झच्या हॉटेलांतले स्वयंपाकी, गवंडी, सुतार, दवाखान्यातल्या परिचारिका. पगार फ्रँकमध्ये, घर युरोमध्ये. वर्षानुवर्षं त्यांचा कर स्वित्झर्लंडमध्येच कापला जायचा. २०२४ पासून नव्या करारानं नव्यानं लागणाऱ्यांना इटलीतही हिशेब द्यावा लागतो, जुन्यांना सवलत आहे. त्यामुळे एकाच गाडीतून येणाऱ्या दोन सुतारांची करपत्रकं वेगळी असू शकतात.

मी शाल पांघरून वही काढली आणि ताळ्याच्या खुणा मारायला लागले, चार उभ्या, एक आडवी. सवय जात नाही. बोटं गारठली तेव्हा बेरीज केली. दोनशे ओलांडले होते. म्हणजे अख्खं गाव जेवढं, तेवढ्या गाड्या सूर्य उगवायच्या आत गावाच्या खालून निघून गेल्या, आणि यातला एकही माणूस इथल्या नोंदवहीत नाही. उलट नोंदवहीत असलेल्यांपैकी किती आज इथं झोपले होते, कोण जाणे. या खोऱ्यातली माणसं पूर्वीपासूनच बाहेर. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये मिठाईच्या धंद्यात ग्राउब्युंडनचे हलवाई भरले होते. १७६६ मध्ये व्हेनिसनं त्यांना हाकलल्यावर ते युरोपभर पांगले आणि शहराशहरांत दुकानं थाटून बसले. काहींनी पैसे आणून गावात मोठी घरं बांधली. मुंबईच्या गिरणीतून पैसे पाठवून बांधलेली आमच्याकडची घरं तशीच, बाराही महिने कुलूप आणि चतुर्थीला उघडी.

नऊच्या बसनं ओढा ओलांडून कियावेन्ना. अर्ध्या वाटेत यांच्या लक्षात आलं की पासपोर्ट खोलीतच राहिले. लेकीचा चेहरा उतरला. कुणी विचारलं नाही, पण दिवसभर पोलिसाचा गणवेश दिसला की हे दुकानाच्या काचेत बघायला लागत.

वाटेत पिउरोला उतरलो. आता तिथं अक्वाफ्राज्जाचा जोडधबधबा आणि कुरणं. त्या कुरणाखाली एक श्रीमंत गाव आहे. ४ सप्टेंबर १६१८ च्या संध्याकाळी माथ्यावरचा डोंगर कोसळला आणि ते गाडलं गेलं. मऊ दगडाची भांडी आणि रेशीम यावर ते मोठं झालं होतं. गेले किती? कुणी हजाराच्या आत सांगतं, कुणी दोन हजारांपर्यंत जातं. तिथं वही काढायचा धीर झाला नाही. कियावेन्नात क्रोत्तो नावाच्या खडकातल्या कोठारात जेवलो. दगडांच्या भेगांतून बारा महिने गार वारा येतो, त्यात दारू आणि चीज टिकवतात. हे वाऱ्यापुढे तोंड करून दहा मिनिटं बसले, पासपोर्टचं विसरले.

परतीच्या बसमध्ये नाक्यावर जकातवाला चढला. माझी पिशवी फुगलेली, नेमकी तीच उघडायला लावली. आत टॉवेल, पाण्याची बाटली आणि बुधवारी घेतलेली पिठाची पिशवी, जी मी काढायचीच विसरले होते. त्यानं चिठ्ठी वाचली: कास्तासेन्या. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, खिडकीबाहेर ब्रेन्तानकडे पाहिलं. मग लेकीला काहीतरी बोलला. ती हसत सुटली.

“काय म्हणाला गं?”

“म्हणाला, हे पीठ सहल करून आलेलं दिसतंय.”

शनिवारी झुरिकला त्या पिठाची भाकरी थापायला घेतली. चिकटपणा नाही, कड तुटते, तव्यावर टाकताना दोन तुकडे. चौथी भाकरी मोडल्यावर नाद सोडला. उरलेलं पीठ तुपावर भाजलं, दूध घातलं, वेलची ठेचून टाकली. साखर कमीच लागली. जावयानं शिरा दोनदा मागून घेतला.